चार बोटं उंच गाडी

पास्कूकाका,

तुमच्यावर राग आहे, म्हणून लिहायला बसलेय. दुःख आहे म्हणून लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं, पण शोभण्यासाठी लिहिलेलं तुम्हाला लगेच ओळखू यायचं. माझं एक पत्रक हातात धरून तुम्ही विचारलं होतंत, "यात 'तीव्र निषेध' तीनदा आलाय. पहिल्यांदा पुरेसा तीव्र नव्हता का?" मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. पुढच्या पत्रकात तो शब्द एकदाच टाकला, हेही तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पोकळी निर्माण झाली वगैरे मी लिहिणार नाही. तुमच्या वाडीत चिंचेखाली गाडी उभी असायची, तिथे आता चार चाकांचे खड्डे आणि तेलाचा एक काळा डाग आहे. तुमची लॉर्ना म्हणाली डागावर माती टाकू. मी नको म्हटलं.

आपली ओळखच भांडणाने झाली. वाडीवाडीतली बावखलं बुजवून त्यावर इमारती उठत होत्या. बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये टँकरने पाणी यायचं, आणि समोरच्या वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, डेब्रिजने भरलं जायचं. मी पत्रकं घेऊन दारोदार फिरत होते. तुमच्या दारात आले, तर अंगणातल्या क्रुसाशेजारी एक पांढरी, गंजलेली, बसक्या तोंडाची गाडी, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. मी पायांना उद्देशून बोलायला सुरुवात केली. बावखल म्हणजे काय, विहिरींना पाणी कशामुळे राहतं, सगळं. पायांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग आतून एक हात आला. "दे तो कागद. फडकं सापडत नाहीये." आणि तुम्ही माझ्या पत्रकाने ग्रीस पुसलंत.

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्हाला मात्र सगळं पाठ होतं, आणि पाहुणे आले की तुम्ही ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचात. त्या दिवशी बाहेर येऊन, कोपराने घाम पुसत तुम्ही मला घरामागे नेलंत. तिथे तुमचं बावखल होतं. काठावर केळी, पाण्यावर शेवाळ, एक खंड्या. "हे वाचवायचंय ना? मग मला कशाला वाचून दाखवतेस? मी रोज बघतो ते." तेव्हापासून मी पत्रकबाई. शीतल हे नाव तुम्ही फक्त मी आजारी असताना वापरलंत.

गाडीची कथा तुम्ही सगळ्यांना हसून सांगायचात. नायगावच्या बाजूला, जूचंद्रकडे मालिकांचे सेट आहेत. तिथे नट्यांना कपडे बदलायला, मेकअपला वापरून वापरून जुनी झालेली ती छोटी व्हॅनिटी व्हॅन. आत एक बाकडं, एक बेसिन, बसलं की गुडघे दाराला टेकतील एवढा संडास, आणि चारी बाजूंनी बल्ब लावलेला आरसा. बाकी सगळं तुम्ही उपटलंत, आरसा ठेवलात. "किती सासवा रडल्या असतील यात," म्हणायचात. बल्ब सगळे लावले की बॅटरी तासाभरात बसायची, म्हणून त्यातला एकच ठेवला होतात, उजवीकडचा खालचा. त्याच्या उजेडात तुम्ही दाढी करायचात आणि उजवा गालच नीट व्हायचा.

तुम्हाला या गाडीत कायमचं राहायला जायचं होतं. सहल वगैरे नाही. घराला कुलूप, आणि पुढे रस्ता संपेल तिथे झोपायचं. मी विचारलं कशासाठी, तर म्हणालात, "घरात पाच खोल्या आहेत आणि मी एका खुर्चीत राहतो. त्या खुर्चीला चाकं लावतोय, एवढंच." लॉर्नाची आई गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मला ते कळायला हवं होतं का? कळलं होतं. पण मी तेव्हाही भांडलेच, कारण मला जे खटकतं ते मी बोलते आणि तुम्हाला ते चालायचं.

मला खटकायचं ते हे. शंभर लिटरच्या टाकीत चार दिवस कसे काढायचे, याचा तुम्ही सराव करायचात. तांब्याभर पाण्यात अंघोळ, ताट आधी कागदाने पुसून मग धुणं, भांड्याचं पाणी खाली वेगळ्या टाकीत साठवणं. आणि मग मला म्हणालात, "तुझ्या बिल्डिंगला शिकवायला हवं हे." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, नालासोपाऱ्यात माझी मावशी एका खोलीत चार माणसांसोबत राहते, तिला हे गेली वीस वर्षं येतं. तिथे याला कोणी प्रवास म्हणत नाही. तुमची हौस ती तिची मजबुरी. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "मग तिला बोलाव. ती मला शिकवील." मावशी खरंच आली. तुमच्या बेसिनखालच्या पाइपाची वाकडी चढण बघून ती हसत सुटली आणि तुम्ही दोघांनी मिळून ती उतरती केलीत. त्या भांडणात जिंकलं कोण ते अजून ठरलेलं नाही. मला वाटतं मी. तुम्ही नाही म्हणाला असतात.

दुसरं भांडण मोठं होतं. तुम्ही गेलात की तुमचं बावखल उघडं पडणार. दाराला कुलूप दिसलं की आठ दिवसांत तिथे भराव पडेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आजूबाजूला तसंच झालं होतं. म्हातारं माणूस मुलाकडे गेलं, की पहाटे डंपर. मी तुम्हाला पळपुटे म्हटलं. हो, म्हटलं, आणि तो शब्द मी आज मागे घेणार नाही, कारण तुम्ही त्यावर चिडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "एका माणसाने तळ्याकाठी बसून राहायचं, याला तू चळवळ म्हणतेस. मी मेल्यावर काय करशील? दुसरा म्हातारा आणशील?"

बघा, दुसरा म्हातारा मिळालेला नाही.

पण भांडता भांडता मी रविवारी यायला लागले होते. चर्चमधली मिस्सा आटोपून तुम्ही परत आलात की आपण गाडीला लागायचो. मला आधी पान्याचे नंबरही कळत नव्हते. खाऱ्या हवेने पत्रा आतून कसा खातो, ते तुम्ही मला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून दाखवलंत. वरून रंग शाबूत आणि आत बिस्किटासारखा भुगा. टायरची नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, हे बोट लावून कळतं. गॅसच्या सिलिंडरला त्याचा वेगळा कप्पा, तळाला भोक, कारण गळलेला गॅस खाली बसतो. इंजिनची बॅटरी वेगळी, घराची वेगळी, नाहीतर रात्रभर पंखा लावून सकाळी गाडी सुरू होणार नाही. माझ्याशी तुम्ही शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायचात आणि गाडीशी घरच्या बोलीत. अडकलेल्या बोल्टला तुम्ही जे म्हणायचात त्यातलं मला अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं लॉर्नाने आता सांगितलं. मी ते लिहीत नाही, हे पत्र चर्चच्या मासिकात छापायला देणार आहे आणि ते फादरही वाचतात.

छतावरचा पंखा मी बसवला. एकटीने. तुम्ही शिडी धरून उभे होतात आणि हात लावायचा नाही अशी मी अट घातली होती. पत्र्याला चौकोनी भोक पाडण्याआधी मी खडूची रेघ दोनदा पुसून परत आखली. चांगल्या छताला भोक पाडणं हा काय मूर्खपणा, असं वाटत होतं. मग कडेने सीलंट, चौकट, स्क्रू, परत सीलंट, वर प्लास्टिकचा धुरकट डोम. पाइपने पाणी मारून बघितलं. तुम्ही आत बाकड्यावर आडवे पडून वर बघत होतात. मी वरून ओरडले, गळतंय का? आतून आवाज आला, "नाही. आकाश दिसतंय." त्यानंतर जो येईल त्याला तुम्ही आधी तो डोम दाखवायचात. आमच्या पत्रकबाईने बसवला. मी लाजायचे आणि तुम्ही दाखवायला विसरलात तर मीच विषय काढायचे.

मग फादरना बोलावून गाडीवर पवित्र पाणी शिंपडून घेतलंत. त्यांनी विचारलं, कुठे निघालात? तुम्ही म्हणालात, "अजून कुठेच नाही. पण आशीर्वाद शिळा होत नाही ना, फादर?"

आणि त्या पावसाळ्यापासून तुम्ही गाडीतच राहिलात. चिंचेखाली. स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मीठ संपलं तर घरातून आणायचं नाही, दुकानातून विकत आणायचं, कारण प्रवासात घर नसतं. लॉर्ना फोनवर विचारायची, पप्पा कुठे आहात, तुम्ही म्हणायचात गाडीत, ती विचारायची गाडी कुठे आहे. सगळा पाडा हसायचा. मीही हसायचे. पण संध्याकाळी बाहेर पडताना मागे वळून बघितलं की त्या धुरकट खिडकीत एकच बल्ब दिसायचा आणि शेजारी अख्खं घर अंधारात. तेव्हा हसू यायचं नाही.

आता कमान.

डंपर आपल्या पाड्यात शिरायला लागले तेव्हा सगळे घाबरले होते. सकाळी उठून बघावं तर कोणाच्या तरी बावखलाच्या काठावर विटांचे तुकडे, फरश्या, फुटकी कमोडं. निवेदनं दिली, मोर्चा नेला, फोटो काढले. शेवटी एकच गोष्ट मिळाली, पण पक्की मिळाली: पाड्याच्या तोंडाशी लोखंडी कमान. दोन खांब आणि वर आडवा दांडा, एवढ्या उंचीवर की केळीचा टेम्पो जाईल आणि डंपर अडेल. अधिकारी म्हणाले दांड्याला बिजागरी ठेवू, कुलूप लावू, अडीअडचणीला उघडता येईल. मी नको म्हटलं. कुलूप आलं की किल्ली आली, आणि किल्ली आली की ती कोणीतरी विकत घेणार. वेल्डिंग करा. सभेत टाळ्या पडल्या. तुम्ही सगळ्यात मोठ्याने वाजवल्यात.

उंची ठरवायला आपण सगळे जमलो होतो. टेप तुमच्या हातात होती. टेम्पो मोजला. स्कूलबस मोजली. कोणीतरी म्हणालं अँब्युलन्स मोजा, म्हणून दवाखान्यात जाऊन अँब्युलन्स मोजून आलो. आग लागली तर बंब मागच्या रस्त्यावर उभा राहील आणि पाइप वाडीतून ओढत आणता येईल, तेही चालून बघितलं. एवढी सगळी माणसं, एवढा शहाणपणा, आणि चिंचेखाली उभी असलेली गाडी मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तुमच्यासुद्धा. तुम्ही रोज तिचं तेल बघत होतात, आठवड्याला इंजिन सुरू करून ऐकत होतात, आणि तरीही ती कधीतरी या वाटेने बाहेर जाणार आहे हे टेप धरताना तुम्हाला आठवलं नाही. आपण सगळेच तिला घर समजायला लागलो होतो.

तुम्हाला कधी लक्षात आलं? हे मला विचारायचंय. कमान लागली त्या दिवशी संध्याकाळी? की नंतर कधीतरी दूध आणायला जाताना मान वर करून बघितलंत तेव्हा?

कारण त्यानंतरच तुम्ही छत उपटायला लागलात. आधी व्हॅनिटीच्या काळातला एसी काढलात. म्हणालात डिझेल पितो. मग छतावरची पाण्याची टाकी. म्हणालात गाडी डोक्याने जड होते, वळणावर झुकेल. ती बाकड्याखाली घातलीत आणि त्यासाठी आपण महिनाभर खपून केलेलं कपाट तोडलंत. मग सोलरचे पत्रे. ते पत्रे मी किती माणसांच्या मागे लागून मिळवले होते ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्यांना खाली उभं करायचं स्टँड बनवलंत आणि म्हणालात वाऱ्याला अडतात. मी म्हटलं, कुठल्या वाऱ्याला? गाडी वर्षभरात हलली नाही.

त्या शेवटच्या रविवारी मी फार बोलले. तुम्ही सामानाचा रॅक काढत होतात. मी म्हटलं, काका, तुम्हाला जायचंच नाहीये. लावायचं आणि काढायचं, लावायचं आणि काढायचं. तुम्हाला भीती वाटते, तर तसं सांगा, घरात जा, पंख्याखाली झोपा, आणि मला माझे रविवार परत द्या. तुम्ही रॅक खाली ठेवलात. चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची पुडी पुढे केलीत. प्रवासाचा खाऊ म्हणून आगाशीहून आणून ठेवलेली, दर महिन्याला आपणच संपवायचो आणि तुम्ही नवी आणायचात.

"आठ दिवस थांब," म्हणालात. "पुढच्या रविवारी धरणावर जाऊ. इतकी पत्रकं काढलीस पाण्यावर, तुझ्या नळाचं पाणी निघतं कुठून ते बघितलंयस का?"

मी म्हटलं, बघायला बस आहे.

"मग बसने का नाही गेलीस?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "डबा तू आण. माझा भात चिकट होतो."

मी बरं म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सायकल काढली आणि निघाले.

गुरुवारी सकाळी शेजारच्यांनी गाडीचं दार वाजवलं. अँब्युलन्स कमानीखालून सहज आत आली आणि सहज बाहेर गेली. ती उंची आपण मोजली होती.

बाकीचं तुम्हाला सांगून काय उपयोग. लॉर्ना मस्कतहून आली. तुमच्या शेवटच्या मिस्सेला सगळा पाडा लोटला होता. मी मागच्या रांगेत उभी होते. प्रार्थनेत कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं हे मला अजून कळत नाही, शेजारच्या बाईंकडे बघत बघत केलं. तुम्ही असतात तर कोपराने ढोसलं असतंत.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला गाडी बघायला आला. लॉर्नाचा तरी काय दोष, तिला परत जायचं होतं, आणि बंद घराच्या अंगणात गाडी कुजवून काय करणार. त्याने गाडीभोवती फेरी मारली, मग चालत कमानीपर्यंत गेला, वर बघितलं, परत आला आणि म्हणाला, ही बाहेर निघत नाही. एकतर इथेच कापून न्यावी लागेल, नाहीतर कमान कापा.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ आला, शेजारच्या साइटवरचा. फार गोड बोलला. काकांचं ऐकून वाईट वाटलं. गॅस कटर आमचा, वेल्डर आमचा, अर्ध्या दिवसाचं काम, गाडी निघाली की कमान होती तशी जोडून देऊ. लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, अर्ध्या दिवसात किती डंपर रिकामे होतात ते मला माहीत आहे. तो हसून म्हणाला, मॅडम, माणूस गेला, निदान त्याची गाडी तरी जाऊ द्या.

काका, त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही. कारण ते खोटं नव्हतं. तुमची गाडी की तुमचं बावखल, आणि ठरवायचं मी. लॉर्ना म्हणाली, तू सांगशील तसं. मला नको होता तो मान.

दुपारी मी गाडीत गेले. बाकड्यावर तुमची चादर होती तशीच. दाराच्या मागे बांबू उभा होता. नारळ पाडायचा असेल म्हणून मी तो कितीदा बाजूला सारला होता. या वेळी त्याच्यावर बांधलेली चिंधी दिसली. नारळाच्या बांबूला चिंधी कशाला, आणि तीही टोकाला नाही, टोकाच्या खाली. मी तो घेऊन कमानीकडे चालत गेले. खांबाला टेकवला. चिंधी बरोबर दांड्याच्या खालच्या कडेला लागली. परत आले, गाडीला टेकवला. छताचा पत्रा चिंधीच्या खाली. एसी नव्हता, टाकी नव्हती, पत्रे नव्हते, रॅक नव्हता. चिंधीच्या वर एकच गोष्ट होती, चार बोटं. माझा डोम.

मी बांबू परत दारामागे ठेवला, होता तसा.

तुम्ही पळत नव्हतात. घाबरत नव्हतात. तुम्ही वर्षभर ती गाडी थोडी थोडी बुटकी करत होतात, म्हणजे कोणाला कमान कापा म्हणायला लागू नये. आणि मला वाऱ्याच्या आणि डिझेलच्या थापा मारत होतात.

दुमिंगला फोन केला. अर्नाळ्याचा दुमिंग, त्याच्या टेम्पोतून तुमची केळी जायची. ओढून काढता येईल का विचारायला केला होता. तो म्हणाला, "ओढायची कशाला ताई? काकांनी मला धरनावर जायच्या रविवारी बोलवलेलंच. टायरचा वारा काढायचा, टाकीत पानी भरायचं, आत मानसं बसवायची. गाडी बसते खाली चार बोटं." मी विचारलं, डोम का नाही काढला, ते सोपं होतं. "मी पन तेच बोललो. तर बोलले, त्याला हात लावायचा नाय. पोरीने बसवलाय."

आणि मला का नाही सांगितलं, हेही मी विचारलं. दुमिंग हसला. "बोलले, तिला कळलं तर ती पत्रक काढेल."

तुम्ही विनोद केलात, काका, मला माहीत आहे. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तुम्ही मला तोंडावर सांगायला हवं होतंत. मला विचारायला हवं होतंत. शीतल, तुझ्या कमानीने माझी गाडी अडवली, आता काय करू? मी काय म्हटलं असतं मला खरंच ठाऊक नाही. कदाचित कमान कापूया म्हटलं असतं आणि मग जन्मभर कुठल्याही सभेत उभं राहायची लाज वाटली असती. कदाचित नाही म्हटलं असतं आणि तुम्ही मान हलवून पुन्हा पाना उचलला असतात. तुम्ही माझ्यावर ती वेळच येऊ दिली नाहीत. माझ्या वाटचं उत्तर परस्पर देऊन टाकलंत आणि वर मला तुम्हाला भित्रा म्हणू दिलंत. याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. एका माणसाने एकट्याने भार उचलायचा, बाकीच्यांना कळूही द्यायचं नाही, याच्याविरुद्धच तर आपण बोलत होतो ना सगळीकडे?

हा निषेध. एकदाच लिहिलाय.

रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्ही गाडी काढली. दुमिंगने टायर बसेपर्यंत वारा सोडला. टाकी तुमच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली. मग माणसं. पाड्यातल्या जाड माणसांची एवढी मागणी आजवर कधी झाली नसेल. मिस्सेच्या कपड्यांत, इस्त्रीच्या पँटी सांभाळत काका लोक आत शिरले. बाकड्यावर, संडासात, बेसिनला टेकून. आरशासमोर दोघी बायका बसल्या आणि केस नीट करायला लागल्या. माझी नालासोपाऱ्याची मावशीही आली होती; तिला कोणीतरी म्हणालं तुझ्या वजनाने काय होणार, ती म्हणाली, "एका खोलीत पाच जण कसे मावतात ते तुम्हाला कोण सांगणार मग?" आणि तिनेच सगळ्यांना नीट बसवलं. लॉर्ना पुढे. मी कमानीच्या खांबावर चढून दांड्याशी डोळा लावला.

दुमिंगने इंजिन सुरू केलं. एका किल्लीत. तुम्ही दर आठवड्याला ऐकत होतात ना, म्हणून.

गाडी मुंगीच्या पावलाने आली. बसके टायर चिखलात फतफत करत होते. पुढचं छत गेलं. मग डोम आला, दांड्याखाली आला, आणि कर्रकन आवाज झाला. मी ओरडले, दुमिंग थांबला. आतून कोणीतरी म्हणालं, सगळ्यांनी श्वास सोडा. मला माहीत आहे त्याने काही होत नाही. पण सगळ्यांनी सोडला, ऐकू आला मला. दुमिंगने गाडी बोटभर पुढे घेतली, आणखी बोटभर, आणि डोम दांड्याखालून निघाला. वरच्या बाजूला एक लांब पांढरा ओरखडा आहे. गळत नाही. मी पाणी मारून बघितलं.

पलीकडे गेल्यावर माणसं एकेक करून उतरली. टाळ्या वाजल्या, थोडं हसणं झालं, एका काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. आणि मग सगळे कमानीखालून चालत आपापल्या घरी गेले, कारण जेवायची वेळ झाली होती. लॉर्नाने भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलंय. घराची किल्ली शेजारी, गाडीची माझ्याकडे. नाताळला ती येईल, तोवर चालव, बंद ठेवू नकोस, असं म्हणाली. मला अजून लायसन्स नाही. दुमिंग शिकवणार आहे. तुमच्या बावखलावर रोज संध्याकाळी एक घर चक्कर मारतं, पाळ्या लावल्यात. तुम्ही विचारलं होतंत ना, मी मेल्यावर काय करशील. हे करतेय. पुरेल की नाही ते माहीत नाही.

दुमिंग टायरमध्ये वारा भरायला पंप आणायला गेला, तेव्हा मी गाडीत एकटीच होते. माणसांच्या उबेने आतल्या काचा धुरकटल्या होत्या. उजवीकडचा खालचा बल्ब लावून बघितला. लागला. डोममधून आकाश दिसत होतं आणि त्यावर मधोमध तो ओरखडा.

दुमिंग परत आला तेव्हा म्हणाला, जायचं का धरणावर, अजून ऊन आहे. मी त्याला म्हटलं, आज नको. आणि मग बाकड्यावर, टाकीच्या वर बसून डबा उघडला. भात मोकळा झाला होता, काका. दोघांचा आणला होता.